चेशरच्या शेताचा जुना सातबारा असा काढा

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली. त्यामुळे मुलीकडे इंग्लंडमधल्या चेशर काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आलो की किल्ले-राजवाडे राहतात बाजूला, घरामागच्या कुरणाचा मालक कोण होता याचीच खाज सुटते. तुम्हालाही सुटली, तर एकदम १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-पाहणीच्या दप्तरात, शिरू नका. तिथे गाव सापडेल, शेत नाही. टाइद मॅप गाठा.

पूर्वी उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे टाइद, चर्चच्या नावाने जायचा. १८३६च्या कायद्याने तो रोखीत बदलला आणि त्या आकारणीसाठी शेत न् शेत नकाशावर आलं. सोबतचं अपोर्शनमेंट म्हणजे सातबाराच: मालक, कसणारा, तुकड्याचा नंबर, शेताचं नाव, नांगरट की कुरण, क्षेत्र, आकार. चेशरचे नकाशे काउंटीच्या अभिलेखागाराने ऑनलाइन ठेवलेत.

शोधताना नुसतं पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीचं) नाव घालू नका. इथले पॅरिश अवाढव्य, त्यांच्या पोटात टाउनशिप नावाचे छोटे विभाग. नकाशे बहुतेक टाउनशिपवार आहेत. ऑल्ट्रिंगम हे गाव १९७४पासून ग्रेटर मँचेस्टरमध्ये गेलं, तरी जुन्या कागदात ते चेशरच.

क्षेत्राचे तीन आकडे बघून बिचकू नका. एकर, रूड, पर्च. एक रूड म्हणजे दहा गुंठे, चार पर्च म्हणजे एक गुंठा, अगदी बिनचूक. ३–२–१२ लिहिलंय? तीन एकर तेवीस गुंठे. आपली ३३ फुटी साखळी इंग्रजांच्या ६६ फुटी गंटर साखळीची निम्मी, म्हणून हिशेब जुळतो. नकाशावर टाइद आयुक्तांचा शिक्का आहे का तेही बघा. शिक्क्याचा नकाशा मोजणीला पक्का. बाकीच्यांत जुन्या नकाशांची नक्कल बरीच, त्यांच्या जिवावर बांधाची भांडणं काढू नयेत.

नाव ‘मार्ल फील्ड’ असेल तर जागेवर डबकं शोधा. जमीन सुधारायला चुनखडीची चिकणमाती खणायचे, ते खड्डे आज पाण्याने भरलेत.

पुढच्या काळासाठी १९१०च्या कायद्याखालची जमीन मूल्यांकनाची फील्ड बुकं बघा. ती लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. मागे जायला १७८० ते १८३२च्या लँड टॅक्सच्या (जमीन कराच्या) याद्या. त्यात मालक आणि कसणारा मिळतो, शेताचा नंबर नाही, म्हणून नावं टाइदच्या यादीशी ताडून बघावी लागतात.

त्याही मागे मॅनॉरच्या, म्हणजे जमीनदाराच्या जहागिरीच्या, कोर्टाची दप्तरं. ती कुठे ठेवलीत हे मॅनोरियल डॉक्युमेंट्स रजिस्टर सांगतं. १७३३पर्यंत बहुतेक लॅटिन. आणि १७५२पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, तेव्हा ‘फेब्रुवारी १७२०’ दिसलं तर वहीत १७२१ लिहा.