‘घरपट्टी वाढू देणार नाही’ म्हणणाऱ्या उमेदवाराचं पत्रक वाचताना या चुका टाळा

पालिका निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकात घरपट्टीची एक ओळ हमखास असते. ती वाचण्याआधी चालू वर्षाचं मालमत्ता कराचं बिल काढून शेजारी ठेवा. बिल न बघता आश्वासन वाचणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्यातूनच होतात.

करदर आणि बिल एकच समजणं

मुंबईत 2010 पासून कर भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या बाजारभावावर आधारित मूल्यावर, लागतो. राज्यातल्या इतर अनेक शहरांत तो करयोग्य मूल्यावर, म्हणजे घराचं वर्षाचं अपेक्षित भाडं वजा दुरुस्तीचे 10 टक्के, यावर लागतो. उदाहरणाला सोपे आकडे घेऊ. घर 60 चौरस मीटर, भाडेदर चौरस मीटरला महिना 20 रुपये. वर्षाचे 14,400, त्यातून 10 टक्के गेले की करयोग्य मूल्य 12,960. सगळे कर मिळून 40 टक्के धरले तर बिल 5,184 रुपये.

आता करदर तोच ठेवून भाडेदर 20 चा 30 केला, तर बिल होतं 7,776. ‘आम्ही करदर वाढवला नाही’ हे वाक्य खरंच राहतं आणि तुमच्या खिशातून 2,592 रुपये जास्त जातात. नगरपरिषदांच्या चतुर्वार्षिक कर आकारणीत लोकांना धक्का बसतो तो बहुतेक वेळा इथेच. म्हणून थेट विचारा: करदर गोठवणार की मूल्यांकनाचा दरही?

सवलतीचंही तसंच आहे. वरच्या 40 टक्क्यांत सामान्य कर 25 टक्के असेल, तर ‘सामान्य करात 10 टक्के सूट’ म्हणजे फक्त 324 रुपये. पूर्ण बिलाच्या हिशेबात ती सूट सव्वासहा टक्के भरते.

अधिकार कोणाचा, हे न तपासणं

मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचं आश्वासन 2017 च्या निवडणुकीतलं. 2019 मध्ये माफ झाला तो फक्त सामान्य कर, बाकीचे कर बिलात राहिले. पूर्ण माफी 1 जानेवारी 2022 पासून मिळाली, तीही राज्य सरकारच्या निर्णयाने. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत काढली गेली आणि 2023 मध्ये परत आली, तेव्हाही निर्णय मंत्रिमंडळाचाच होता. ज्यांची सवलत गेली होती त्यांना आपण त्या घरात स्वतः राहतो हे सांगणारा पीटी-3 अर्ज भरावा लागला. त्यामुळे अशी मोठी माफी नगरसेवक एकटा देऊ शकत नाही. राज्याकडे ठराव पाठवणार का, एवढंच त्याला विचारता येतं. बिलातला राज्य शिक्षण कर आणि बिगरनिवासी जागांवरचा रोजगार हमी कर तर राज्याचाच आहे, पालिका तो फक्त गोळा करते.

मुंबईबाहेरच्या महापालिकांत पुढच्या वर्षाचे करदर 20 फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. तेव्हा ‘येत्या वर्षापासून’ म्हणजे नेमकं कोणतं आर्थिक वर्ष, हे स्पष्ट करून घ्या.

शास्ती आणि शास्तीकर यांची गल्लत

थकबाकीवर महिना 2 टक्के लागते ती शास्ती. 5,184 रुपये थकले तर महिन्याला जवळपास 104 रुपये. थकबाकीदारांसाठीची अभय योजना सहसा हीच कमी करते, मूळ कर भरावाच लागतो. शास्तीकर वेगळा, तो अनधिकृत बांधकामावरचा. पिंपरी-चिंचवडमध्ये 2023 मध्ये माफ झाला तो हा.

खर्चाची बाजू न विचारणं

जकात गेली, मग तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) हाही गेला. 2017 पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. पालिकेच्या स्वतःच्या हातात उरलेला मोठा कर म्हणजे घरपट्टी. त्यात 15 व्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला मालमत्ता कराची वसुली वाढवण्याची अट घातली होती. करात सूट दिली की फटका दोन्हीकडून बसू शकतो, हे उमेदवाराने आधी सांगायला हवं.

अंदाजपत्रकातला सर्वात मोठा, छापून येणारा आकडा धरून बसू नका. मागच्या वर्षाची ‘प्रत्यक्ष जमा’ हा रकाना पाहा आणि तो त्याच वर्षाच्या मूळ अंदाजाशी ताडा. नंतर आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार आणि निवृत्तिवेतन, तपासा. तो 35 टक्क्यांच्या आत असावा असा शासनाचा दंडक आहे. तिसरी गोष्ट दायित्व, म्हणजे काम मंजूर झालंय पण ठेकेदाराची बिलं द्यायची आहेत ती रक्कम. दायित्व मोठं असेल तर नव्या रस्त्यांच्या आश्वासनाला या वर्षी पैसा उरतच नाही.

सभेत प्रश्न असा विचारा: ‘बिलातली कोणती ओळ, किती टक्के, कोणत्या वर्षापासून, आणि तूट अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून (खात्यातून) भरणार?’ उत्तर लेखी मागा.

अंदाजपत्रक पालिकेच्या संकेतस्थळावर लेखा विभागाच्या पानावर शोधा. तिथे नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो, पण उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. प्रचार सुरू झाल्यावर अर्ज केला तर कागद मतदानानंतर हातात येईल, म्हणून निवडणुकीची चाहूल लागताच तो देऊन ठेवा.