आजारी पडण्याआधी दाखवायचा डॉक्टर कुठे शोधायचा?

‘प्रतिबंधात्मक वैद्यक तज्ज्ञ’ अशी पाटी शोधत फिरलात तर बहुधा हाती काही लागणार नाही. या शाखेची पदवी म्हणजे एमडी कम्युनिटी मेडिसिन, जुन्या प्रमाणपत्रांवर पीएसएम (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन). हे डॉक्टर खासगी दवाखान्यात क्वचितच बसतात, भेटतात ते मेडिकल कॉलेजात. सरकारी कॉलेजात विभागाच्या दारावर ‘जनऔषधवैद्यकशास्त्र’ असं लिहिलेलं असतं, पण केसपेपरच्या खिडकीवर ‘पीएसएम’ म्हणूनच विचारा. कॉलेजचं नागरी किंवा ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र कुठे आहे तेही विचारून घ्या, कदाचित ते घराजवळ निघेल.

कॉलेज लांब असेल तर गावचं उपकेंद्र, म्हणजे आताचं आयुष्मान आरोग्य मंदिर, गाठा. तिशीपुढच्यांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी, बायकांसाठी स्तन व गर्भाशयमुखाचीही, या योजनेत मोफत आहे. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी सहसा एमबीबीएस नसतात. रिपोर्टमध्ये काही निघालं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा.

खासगीत जायचं तर चांगला फॅमिली डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन पुरे. पाटीवर ‘एमडी’च्या पुढे कंसात काय आहे ते मात्र वाचा, कारण आयुर्वेद आणि होमिओपॅथीतही एमडी असते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून पदवी पडताळता येते. नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी लागतं, तेही बघा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती आधी लॅबचं ‘फुल बॉडी’ पॅकेज आणि मग डॉक्टर, या उलट्या क्रमाने. बऱ्याच चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा 95 टक्के निरोगी माणसं बसतील अशी आखलेली असते. एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा 20 चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा बाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के! मग सोनोग्राफी, पुन्हा रक्त, नाहक धास्ती. कर्करोगाचे ‘मार्कर’ (रक्तात कर्करोगाच्या खुणा शोधणाऱ्या चाचण्या) पॅकेजमध्ये असतील तर विशेष सावध राहा.

नीट डॉक्टर आधी विचारतो: घरात कोणाला, कितव्या वर्षी हृदयविकार झाला? तंबाखू, मिश्री? कोणत्या लसी झाल्या? पाच मिनिटं शांत बसवून रक्तदाब घेतो, कमरेला टेप लावतो (पुरुष 90, स्त्रिया 80 सेंमीपुढे धोका), आणि मगच चाचण्या लिहितो. जाताना जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.