जेफरसन यांची राजकीय पत्रे वाचताना या चुका टाळा

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी आयुष्यभरात १८,००० च्या वर पत्रे लिहिली असे मानले जाते. त्यांचा फार मोठा भाग आज घरबसल्या आणि विनामूल्य वाचता येतो, कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, हॅमिल्टन आणि मॅडिसन या संस्थापक नेत्यांच्या कागदपत्रांबरोबर जेफरसन यांची कागदपत्रेही ठेवलेली आहेत. साधन इतके हाताशी आले असतानाही निबंधांत आणि भाषणांत त्यांच्या नावावर काहीही खपवले जाते, याचे वाईट वाटते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे पत्र न पाहता वचन उचलणे. ‘लोक सरकारला घाबरतात तेथे जुलूम असतो, सरकार लोकांना घाबरते तेथे स्वातंत्र्य असते’ हे वाक्य जेफरसन यांच्या एकाही पत्रात सापडलेले नाही; त्याचा माग १९१४ मध्ये छापलेल्या एका वादविवादातील जॉन बॅझिल बार्नहिल यांच्या विधानापर्यंत जातो. जेफरसन यांचे निवासस्थान असलेल्या माँटिसेलो येथील संस्थेने अशा बनावट वचनांची यादीच ठेवली आहे. वचनासोबत पत्र कोणाला आणि कोणत्या तारखेला लिहिले हे दिलेले नसेल, तर ते वचन वापरण्यापूर्वी तपासावे, आणि तपास लागला नाही तर सरळ सोडून द्यावे.

वचन खरे असले तरी काम संपत नाही. ‘स्वातंत्र्याच्या वृक्षाला अधूनमधून देशभक्तांच्या आणि जुलमी सत्ताधीशांच्या रक्ताने टवटवी आणावी लागते’ हे वाक्य जेफरसन यांचेच आहे. ते १३ नोव्हेंबर १७८७ रोजी पॅरिसहून जॉन ॲडम्स यांचे जावई विल्यम स्टीफन्स स्मिथ यांना लिहिलेल्या पत्रात येते, आणि विषय आहे मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव, जो शेज या त्याच्या नेत्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच परिच्छेदात जेफरसन म्हणतात की या लोकांच्या वागण्यामागे दुष्टपणा नसून अज्ञान होते, आणि यावर उपाय म्हणजे त्यांना वस्तुस्थिती समजावून सांगणे, माफ करणे आणि शांत करणे. रक्ताचे वाक्य फलकावर लिहिणारे लोक क्षमेचे वाक्य गाळतात, तेव्हा पत्राचा अर्थच उलटा होऊन बसतो. म्हणून उद्धृत करायच्या ओळीच्या मागचा आणि पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय ती ओळ घेऊ नये.

यानंतर येते ती मला सर्वांत गंभीर वाटणारी चूक, म्हणजे कच्चा मसुदा, स्वतःजवळ ठेवलेली नक्कल आणि प्रत्यक्ष रवाना झालेले पत्र यांत फरक न करणे. कनेक्टिकटमधील डॅनबरी येथील बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींना जेफरसन यांनी १ जानेवारी १८०२ रोजी दिलेले उत्तर धर्मसंस्था आणि शासन यांच्यामधील भिंतीच्या कल्पनेमुळे प्रसिद्ध आहे. राष्ट्राध्यक्ष या नात्याने आपण उपवासाचे आणि आभारप्रदर्शनाचे दिवस का जाहीर करत नाही, याचा खुलासा त्यांनी मसुद्यात केला होता. तो मसुदा त्यांनी ॲटर्नी जनरल लेव्हाय लिंकन आणि पोस्टमास्टर जनरल गिडियन ग्रेंजर यांच्याकडे मतासाठी पाठवला. पूर्वेकडील राज्यांतील आपल्याच पक्षाचे लोक दुखावतील, असे लिंकन यांनी सुचवल्यावर तो भाग जेफरसन यांनी काढून टाकला आणि वगळण्याचे कारण समासात लिहून ठेवले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसच्या (म्हणजे संसदेच्या) ग्रंथालयाच्या विनंतीवरून एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या प्रयोगशाळेने खोडलेल्या ओळी वाचून काढल्या. आता कोणी या ओळी ‘जेफरसन यांनी डॅनबरीच्या लोकांना सांगितले’ असे म्हणून दिल्या, तर ते साफ चुकीचे ठरेल, कारण डॅनबरीच्या लोकांनी त्या कधी वाचल्याच नाहीत. मसुदा लेखकाच्या मनात काय होते ते सांगतो, तर रवाना झालेले पत्र त्याने राजकारणात कोणते पाऊल टाकले ते सांगते, आणि या दोन्हींची किंमत वेगवेगळी धरावी लागते.

नकलांचेही प्रकार आहेत. १७८० च्या दशकाच्या मध्यापासून जेफरसन नक्कल काढण्याचे दाबयंत्र वापरत. ताज्या शाईच्या पत्रावर ओलसर पातळ कागद दाबला की अक्षरे उलटी उमटत आणि ती कागदाच्या दुसऱ्या बाजूने सुलटी वाचता येत. अशा नकला पुसट आणि शाई पसरलेल्या असतात. शब्द लागत नसेल तर अंदाजाने भरू नये, तर पत्र ज्याला मिळाले त्याच्या संग्रहातील प्रत शोधावी. १८०४ पासून त्यांनी दोन लेखण्या एकत्र चालवणारे ‘पॉलिग्राफ’ हे यंत्र वापरले, त्यामुळे त्या काळातील नकला पुष्कळच स्पष्ट आहेत.

तारखेचा घोळ असाच फसवा असतो. पृथ्वीचा उपभोग जिवंत पिढीचा आहे, हा विचार मांडणाऱ्या मॅडिसन यांच्या नावच्या पत्रावर ६ सप्टेंबर १७८९ ही तारीख आहे, परंतु जेफरसन यांनी ते स्वतःजवळच ठेवले आणि अमेरिकेत परतल्यावर ९ जानेवारी १७९० रोजी पाठवले. २५ सप्टेंबर १७८९ रोजी काँग्रेसने मॅडिसन यांनीच मांडलेल्या मूलभूत हक्कांच्या घटनादुरुस्त्या मंजूर केल्या, तेव्हा मॅडिसन यांनी हे पत्र पाहिलेलेच नव्हते. त्यांचे उत्तर ४ फेब्रुवारी १७९० चे आहे. अटलांटिकपार जाणाऱ्या पत्रांना कित्येक आठवडे लागत, म्हणून लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख या दोन्ही टिपून घ्याव्यात.

छापील आवृत्तीत अनेक पत्रांतील काही शब्द तिरप्या ठशात दिसतात. वाचक ते जोर देण्यासाठी आहेत असे समजतो, पण मॅडिसन आणि त्यांचे सहकारी जेम्स मन्रो यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात तो ठसा बहुधा सांकेतिक अंकांत लिहिलेला मजकूर दाखवतो. संपादकीय टीप आधी वाचली की हा गोंधळ होत नाही. आवृत्ती निवडतानाही सावध राहावे. १८२९ ची नातवाने काढलेली किंवा १८५३-५४ ची नऊ खंडांची आवृत्ती सहज मिळते, पण मूळ पाठासाठी प्रिन्स्टन विद्यापीठातून १९५० पासून प्रसिद्ध होत असलेले खंड आणि १८०९ नंतरच्या पत्रांसाठी माँटिसेलो येथे संपादित होणारी मालिकाच विश्वसनीय मानावी.

पत्र सापडत नसेल तर ते नव्हतेच, असा निष्कर्ष काढू नये. १७७० मध्ये शॅडवेल येथील घराला लागलेल्या आगीत जेफरसन यांची सुरुवातीची कागदपत्रे जळाली, आणि पत्नी मार्था यांच्याशी झालेला पत्रव्यवहार उरलेला नाही. जे उरले तेही एका ठिकाणी नाही: सरकारी स्वरूपाचे कागद काँग्रेसने १८४८ मध्ये विकत घेतले, तर खासगी कागदांचा मोठा भाग १८९८ मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीकडे गेला. अशा वेळी उपयोगी पडते ती जेफरसन यांनी नोव्हेंबर १७८३ पासून जून १८२६ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या काही दिवस आधीपर्यंत, ठेवलेली आवकजावक पत्रांची नोंदवही. तिच्यात नाव आणि तारीख असून पत्र मिळत नसेल, तर आपल्या लेखात ‘नोंद आहे, पत्र उपलब्ध नाही’ असेच लिहावे, आणि समोरच्याचे उत्तर हाती असले तरी त्यावरून हरवलेल्या पत्रातील वाक्ये रचू नयेत.