आधी कूलर बंद, मग कॅमेरा सुरू

शाळेच्या फिल्ममध्ये आमचं चित्र झकास आलं, आवाज मात्र वाया गेला. नागपूरचा एप्रिल, वर्गात कूलर घरघरतोय; शूटिंगच्या वेळी कुणाला जाणवलंही नाही. एडिटिंगला बसलो तर संवादापेक्षा कूलरच जास्त बोलत होता! तेव्हा टेकपुरता, म्हणजे एकेक शॉट रेकॉर्ड होईपर्यंत, कूलर-पंखा बंदच ठेवा. दुसरा मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून, रेकॉर्डर सुरू करून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा, माइकची बाजू वर. टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा; तळवे भिडतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखातलं टोक जुळवलं की दोन्ही रेकॉर्डिंग नीट बसतात. निघण्याआधी तिथली नुसती शांतता 30 सेकंद रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये तुकडे जोडताना आवाजात पडणाऱ्या फटी तिनेच बुजतात. (पोरं मध्येच फिदीफिदी हसतात. दोन-तीनदा करावं लागतं.)