अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी अर्ज करताना दुहेरी नागरिकत्व आणि परदेशी लष्करी सेवेची माहिती कशी द्यावी

संरक्षण क्षेत्रातील नोकरीला सिक्युरिटी क्लिअरन्सची, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याच्या सरकारी परवानगीची, अट असली की मूळच्या देशाशी असलेले नाते आड येईल, अशी धास्ती अमेरिकेचे नागरिक झालेल्या अनेकांना वाटते. ती बरीचशी अनाठायी आहे. ही परवानगी कोणाला द्यायची याचे निकष ठरवणाऱ्या, जून २०१७ पासून लागू असलेल्या ‘सीड-४’ (SEAD-4) या निर्देशानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व असणे एवढ्याच कारणाने अर्जदार अपात्र ठरत नाही; मात्र ते दडवण्याचा प्रयत्न झाला किंवा त्याचा अमेरिकेच्या हिताशी संघर्ष दिसला, तर प्रकरण गंभीर होते. म्हणून ‘एसएफ-८६’ (SF-86) हा क्लिअरन्ससाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म हातात येण्याआधीच कागदपत्रे जुळवायला घ्यावीत.

पहिल्यांदा स्वतःच्या नागरिकत्वाची कायदेशीर स्थिती तपासावी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड घेतल्याने ते परत येत नाही. तरीही कार्डाचा उल्लेख फॉर्ममधील शेऱ्याच्या जागेत करणे श्रेयस्कर. इस्रायलमध्ये वाढलेल्या बेने इस्रायल (महाराष्ट्रातील ज्यू) कुटुंबातील व्यक्तीकडे मात्र इस्रायल आणि अमेरिका या दोन्ही देशांचे नागरिकत्व खरोखरच असू शकते. तिने ते कधी आणि कसे मिळाले, हे स्पष्ट लिहावे.

त्यानंतर पासपोर्ट. फॉर्मच्या दहाव्या विभागात, दुसऱ्या देशाचा पासपोर्ट कधीही मिळाला होता का, असे विचारलेले असते. त्यामुळे रद्द करून परत केलेला भारतीय पासपोर्टही नोंदवावाच लागतो. त्याचा क्रमांक आणि तारखा सरेंडर सर्टिफिकेटवरून किंवा जुन्या झेरॉक्सवरून मिळतात. दोन पासपोर्ट असलेल्यांनी अमेरिकेत येता-जाता अमेरिकी पासपोर्टच वापरावा. तसे न करणे ‘सीड-४’मध्ये चिंतेची बाब म्हणून नोंदलेले आहे.

सर्वाधिक काळजी पंधराव्या विभागात घ्यावी. तेथील परदेशी सेवेबद्दलच्या प्रश्नाला फॉर्ममधल्या इतर काही प्रश्नांसारखी सात किंवा दहा वर्षांची मर्यादा नाही आणि तो फक्त सैनिकांपुरताही नाही: परदेशी सैन्य, गुप्तचर, राजनैतिक किंवा सुरक्षा यंत्रणा, निमलष्करी दल, तसेच सरकारी खाते यांतील मुलकी नोकरीही त्यात येते. भारतीय सैन्यात शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर असलेला अधिकारी आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून म्हणून काम केलेला माणूस, या दोघांनीही उत्तर ‘होय’ असेच द्यावे. हुद्दा, कालावधी, सेवा सोडण्याचे कारण आणि जुन्या सहकाऱ्यांशी आजही संपर्क आहे का, हे सगळे तेथे सांगावे लागते. अमेरिकी नागरिक होण्याआधीची सेवा अर्जदाराच्या बाजूने विचारात घेतली जाते. सक्तीची सेवा असेल, तर ती सक्ती कोणत्या कायद्याने होती हे लिहावे. सक्तीची मुदत संपल्यावरही स्वखुशीने सेवेत राहिला असाल, तर त्याचे कारणही लिहावे, कारण तपास अधिकाऱ्याबरोबरच्या मुलाखतीत तो प्रश्न येण्याची शक्यता मोठी असते.

आता घरच्या गोष्टी. भाऊ सैन्यात किंवा पोलिसात असेल, तर नातेवाइकांच्या विभागात तसे नमूद करावे. भारतातले बँक खाते, फ्लॅट, सरकारी निवृत्तिवेतन यांच्या नोंदी परदेशी आर्थिक हितसंबंधांत येतात. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून सातबाऱ्यावर चढलेले नाव नेमके येथेच विसरले जाते. जमीन भाऊ कसत असला तरी मालकीत वाटा अर्जदाराचाही असतो. अर्ज भरण्यापूर्वी ताजा सातबारा ऑनलाइन पाहून घ्यावा.

भरलेल्या फॉर्मची प्रत जवळ ठेवावी आणि मुलाखतीआधी ती पुन्हा वाचावी. चूक राहिली असेल, तर अधिकाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सांगावी, कारण जाणूनबुजून दिलेली खोटी माहिती हा फेडरल गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडील अर्जदाराला आक्षेपांची लेखी नोटीस आलीच, तर उत्तरासाठी मिळाल्यापासून २० दिवस असतात. प्रत्येक आक्षेप मान्य की अमान्य हे स्वतंत्रपणे लिहावे, पुरावे जोडावेत आणि प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी हवी असल्यास तशी मागणी त्याच उत्तरात करावी.