अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची वैद्यकीय तपासणी: या चुका टाळा

कुटुंबामार्फत किंवा नोकरीमार्फत अमेरिकेचा इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा, व्हिसा मागणाऱ्या प्रत्येकाला, तान्ह्या बाळापासून ऐंशीच्या आजीपर्यंत, वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. पुष्कळ जण तिच्याकडे नोकरीला लागताना द्यायच्या फिटनेस सर्टिफिकेटसारखे पाहतात. मग साखर आटोक्यात दिसावी म्हणून महिनाभर गोड बंद होते, रक्तदाबाच्या धास्तीने रात्रीची झोप उडते आणि ज्यांची खरी गरज आहे ती लसीकरणाची कार्डे मात्र माळ्यावरच्या पेटीतच राहतात.

या तपासणीत डॉक्टर मोजक्याच गोष्टी शोधत असतात: संसर्गजन्य क्षयरोग, उपचार न झालेले सिफिलिस व गोनोरिया (लैंगिक संबंधांतून पसरणारे आजार) आणि कुष्ठरोग, स्वतःला किंवा इतरांना इजा होईल अशा वर्तनाशी जोडलेला मानसिक आजार, अमली पदार्थांचे व्यसन आणि अपुरे लसीकरण. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया यांची नोंद होते, पण संसर्गजन्य आजारांच्या नियमाने व्हिसा अडवण्याचे ते कारण ठरत नाही. एचआयव्ही तर जानेवारी 2010 पासून या यादीतून वगळलेला आहे. मात्र अर्जदार पुढे सरकारवर आर्थिक भार होईल का, हे ठरवताना वकिलातीतील अधिकारी कायद्यानुसार वय, आरोग्य, मालमत्ता आणि शिक्षण यांचाही विचार करतो. म्हणून दीर्घकाळचा आजार असेल तर तो औषधांनी आटोक्यात असल्याचे तज्ज्ञ डॉक्टरांचे पत्र सोबत असणे शहाणपणाचे असते.

पर्यटन, शिक्षण किंवा तात्पुरत्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसासाठी ही तपासणी सहसा लागत नाही. वाग्दत्त वधू-वरांसाठीच्या के-वन व्हिसाला मात्र लागते, आणि हे अनेकांना ऐन वेळी कळते.

डॉक्टर आणि तारीख निवडताना

ही तपासणी अमेरिकी वकिलातीने नेमलेल्या पॅनल डॉक्टरांकडेच व्हावी लागते. घरचे डॉक्टर कितीही नावाजलेले असले, एमडी असले, तरी त्यांचा अहवाल चालत नाही. पॅनल डॉक्टरांची यादी वकिलातीच्या सूचनांमध्ये असते आणि भेटीची वेळ स्वतःच घेता येते. ‘मेडिकल पास करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थाला पैसे देण्याइतका व्यर्थ खर्च या सगळ्या प्रक्रियेत दुसरा नाही, कारण तो फार तर फोन करून वेळ घेऊन देतो.

तारखेच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका होतात. काही जण मुलाखतीच्या आदल्या दिवशी तपासणीला जातात. अहवाल तयार व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळे मुलाखतीत अर्ज कागदपत्रांअभावी अडकतो. याउलट, मुलाखतीचे पत्र हाती येण्याआधीच उत्साहाने तपासणी उरकणारेही असतात. तपासणीची मुदत सर्वसाधारणपणे सहा महिने असते, काही क्षयरोगविषयक निष्कर्षांत त्याहून कमी, आणि व्हिसाची मुदत तिच्याशी बांधलेली असते. मुलाची वार्षिक परीक्षा, घराची विक्री किंवा नोकरीचा नोटीस कालावधी यांमुळे प्रवास लांबणार असेल, तर घाईने केलेली तपासणी पुन्हा करावी लागू शकते, तीही पुन्हा शुल्क भरून. मुलाखतीचे पत्र आल्यावर लगेच वेळ घ्यावी आणि मुलाखतीपूर्वी दोन-तीन आठवडे हातात राहतील असे पाहावे, हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो.

क्षयरोग: बहुतेक विलंब इथेच होतो

भारतात क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याने आपल्याकडील अर्जदारांची या बाबतीत बारकाईने तपासणी होते. दोन वर्षे किंवा अधिक वयाच्या अर्जदारांची इग्रा नावाची रक्तचाचणी केली जाते आणि पंधरा वर्षे किंवा अधिक वय असलेल्यांचा छातीचा एक्स-रेही काढला जातो. क्षयरोगावरची बीसीजीची लस घेतल्याने चाचणी उगाचच पॉझिटिव्ह येईल, अशी भीती पालकांना असते. ती पूर्वी त्वचेवर केल्या जाणाऱ्या चाचणीबाबत खरी होती. इग्रावर बीसीजीचा परिणाम होत नाही. इग्रा पॉझिटिव्ह आली तर मुलाचा एक्स-रे काढतात. तो स्वच्छ असेल, लक्षणे नसतील, तर सुप्त संसर्गाची (जंतू शरीरात आहेत, पण आजार नाही) नोंद होते, पण प्रवास थांबत नाही.

एक्स-रे नीट यावा यासाठीची तयारी साधीच आहे, तरी ती राहून जाते. गळ्यातील मंगळसूत्र, साखळी, ताईत, धातूचे हूक असलेले कपडे काढून ठेवावे लागतात. मानेवरून पुढे आलेली जाड वेणी किंवा ओले केस फुप्फुसाच्या वरच्या टोकावर सावली पाडू शकतात, आणि क्षयरोगाच्या जुन्या खुणा नेमक्या त्याच भागात शोधल्या जातात. केस वर घट्ट बांधून जावे, दागिने घरीच ठेवावेत. गरोदर स्त्रीने आपण गरोदर असल्याचे सुरुवातीलाच सांगावे. पोटावर संरक्षक आवरण ठेवून एक्स-रे काढायचा की प्रसूतीनंतर काढायचा, हा निर्णय तिच्या संमतीनेच होतो. पुढे ढकलल्यास व्हिसाही तितकाच पुढे जातो.

‘वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, औषधे पूर्ण केली, आता फक्त डाग आहे, तेव्हा त्याचे काही नाही’ हा समज सर्वांत जास्त महागात पडतो. एक्स-रेवर क्षयरोगाची शंका यावी अशी खूण दिसली, मग ती जुनी का असेना, तर थुंकीची तपासणी टळत नाही. जुनी फिल्म आणि उपचारांची कागदपत्रे दाखवल्याने डॉक्टरांना तुलना करता येते, म्हणून ती न्यायलाच हवीत. पण त्यांमुळे तपासणीतून सूट मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. थुंकीचे तीन नमुने वेगवेगळ्या तीन दिवशी सकाळी, कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली द्यावे लागतात. सूक्ष्मदर्शकाखालील निकाल लवकर येतो, परंतु जंतूंची वाढ होते का हे पाहणाऱ्या कल्चर चाचणीला आठ आठवडे लागतात. नांदेडहून किंवा रत्नागिरीहून एका दिवसाच्या बोलीवर मुंबईला आलेल्या आणि संध्याकाळच्या गाडीचे परतीचे तिकीट काढून बसलेल्या कुटुंबाची इथे तारांबळ उडते. घरात कुणाला पूर्वी क्षयरोग झालेला असेल, तर मुक्कामाची आणि रजेची सोय आधीच करून ठेवावी, आणि विमानाचे तिकीट तर व्हिसा हाती येईपर्यंत काढूच नये.

नमुना देताना छातीतून खोकून काढलेला घट्ट कफ लागतो, तोंडातली लाळ नव्हे. सकाळी पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन खोल श्वास घ्यावेत आणि मगच जोर लावून खोकावे. नुसती लाळ दिली तर तो नमुना उपयोगाचा ठरत नाही.

औषधांच्या बाबतीत एक सवय विशेष घातक आहे. खोकला आहे म्हणून तपासणीआधी औषधाच्या दुकानातून थेट अँटिबायोटिक आणून घेतले जाते. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या औषधांचा क्षयरोगाच्या जंतूंवरही परिणाम होतो. ते आजार पूर्ण बरा करत नाही, पण कल्चरमध्ये जंतू दिसणे अवघड करते आणि निदान भरकटते. अलीकडे असे काही घेतले असेल तर डॉक्टरांना सांगावे. क्षयरोग निश्चित झालाच, तर खासगी दवाखान्यातून घरच्या घरी गोळ्या घेऊन भागत नाही. पॅनल डॉक्टरांनी मान्य केलेल्या व्यवस्थेत, प्रत्येक मात्रा कर्मचाऱ्यांसमोर घेऊन उपचार पूर्ण करावे लागतात आणि त्यानंतर थुंकी पुन्हा तपासली जाते. यात सहा महिन्यांहून अधिक काळ जातो, पण व्हिसाचा मार्ग कायमचा बंद होत नाही, हे आजारी माणसाला आणि त्याच्या घरच्यांना नीट समजावून सांगायला हवे.

लसींची कागदपत्रे

लसीकरणाची अट 1996 च्या कायद्याने आली. ‘लहानपणी सगळ्या लसी घेतल्या आहेत’ हे तोंडी सांगणे तिथे ग्राह्य धरले जात नाही. तारखेसह लेखी नोंद लागते. कार्डावर मुलाच्या नावाऐवजी केवळ आईचे नाव आणि ‘बेबी’ एवढेच लिहिलेले असेल, तर सोबत जन्मदाखला न्यावा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. अक्षर पुसट झाले असल्यास ज्या बालरोगतज्ज्ञांनी लसी दिल्या त्यांच्याकडून नोंदवहीप्रमाणे तारखा लिहून, सही-शिक्क्यासह नवे पत्र घ्यावे. आठवणीतून तारखा भरून नवे कार्ड तयार करून घेण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. एक मात्रा पुन्हा घेण्यापेक्षा खोटी नोंद कितीतरी अधिक नुकसान करते.

लस घेतलेली असूनही ती अपुरी ठरण्याचे प्रसंग येतात, कारण आपल्या सरकारी कार्यक्रमातील लसी आणि अमेरिकेची यादी तंतोतंत जुळत नाही. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस दिली जाते, तिच्यात गालगुंड नसते. अमेरिकेला तिन्हींची एमएमआर हवी असते. जखम झाल्यावर घेतलेले टीटीचे इंजेक्शन केवळ धनुर्वाताचे असते, तिथे घटसर्पाचेही संरक्षण असलेली टीडी किंवा टीडॅप लागते. कांजिण्या होऊन गेल्याचे डॉक्टरांना खात्रीलायक वाटले, किंवा रक्तात प्रतिपिंडे आढळली, तर ती लस घ्यावी लागत नाही. वयाप्रमाणे यादी बदलते: 1957 पूर्वी जन्मलेल्यांना एमएमआर लागत नाही, तर ज्येष्ठांना न्यूमोकोकलची लस लागते. बीसीजी या यादीत नाही. कोविडच्या लशीची अट 2025 मध्ये काढून टाकण्यात आली.

तीन मात्रांची लस असेल तर तिन्ही मात्रा पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, हाही गैरसमज आहे. त्या दिवशी देय असलेली एक मात्रा घेतली की अट भागते. उरलेल्या नंतर घेता येतात. उलट, घाईघाईने आधीच सगळे टोचून घेण्याने काम बिघडू शकते. एमएमआर आणि कांजिण्यांची लस जिवंत विषाणूंची असते. त्या दोन्ही एकाच दिवशी द्याव्या लागतात, नाहीतर त्यांच्यात किमान 28 दिवसांचे अंतर ठेवावे लागते. शिवाय अशी लस घेतल्यावर काही आठवडे इग्राचा निकाल विश्वासार्ह राहत नाही, म्हणून इग्रा होणार असलेल्या अर्जदाराला तपासणीच्या पंधरा दिवस आधी एमएमआर देणे टाळावे. रक्त आणि लस एकाच दिवशी घेतली तर अडचण येत नाही. गरोदरपणात या दोन्ही लसी देत नाहीत आणि त्यासाठी नियमांतच सवलत आहे.

प्रश्नांची उत्तरे देताना

डॉक्टर जुने आजार, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील मुक्काम, मानसिक उपचार, दारू आणि अमली पदार्थ यांविषयी विचारतात. नैराश्यासाठी औषध घेणे हे व्हिसा नाकारण्याचे कारण नाही, तरीही घरातील वडीलधारी मंडळी ‘ते सांगू नकोस’ असा सल्ला देतात. औषधाची चिठ्ठी बॅगेत आणि उत्तर नकारार्थी, ही विसंगती आजारापेक्षा जास्त शंका निर्माण करते. जाणीवपूर्वक खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास व्हिसा कायमचा नाकारला जाऊ शकतो. गांजाबाबत वेगळी सावधगिरी लागते: अमेरिकेच्या काही राज्यांत तो वैध असला तरी व्हिसाचा निर्णय संघीय कायद्याने होतो, आणि होळीची भांग त्याच वनस्पतीची असते. व्यसनाचे निदान झाल्यास साधारणपणे बारा महिने व्यसनमुक्त राहिल्यानंतरच पुन्हा तपासणी होते. दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला किंवा अमली पदार्थांचा इतिहास असलेल्याने तपासणीला जाण्यापूर्वीच इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

सिफिलिसची रक्तचाचणी 18 ते 44 वयोगटात आणि गोनोरियाची चाचणी 18 ते 24 वयोगटात होते. ती सर्वांनाच लागू असल्यामुळे तिच्यात कुणाच्या चारित्र्याविषयी संशय नसतो. दोन्ही आजार औषधाने बरे होतात आणि उपचारांनंतर अर्ज पुढे जातो.

अमेरिकेतच असलेल्यांसाठी

न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये राहून ग्रीन कार्डचा अर्ज करणाऱ्यांची तपासणी पॅनल डॉक्टर नव्हे, तर सिव्हिल सर्जन म्हणून नेमलेले डॉक्टर करतात आणि आय-693 हा फॉर्म भरून देतात. डिसेंबर 2024 पासून तो मुख्य अर्जासोबतच जोडावा लागतो, आणि जून 2025 पासूनच्या धोरणानुसार ज्या अर्जासोबत तो दिला त्या अर्जापुरताच ग्राह्य राहतो. अर्ज मागे घेतला किंवा नाकारला गेला तर नवी तपासणी करावी लागते. मित्राचा जुना अनुभव याबाबतीत उपयोगी पडत नाही, कारण मधल्या काळात नियम दोनदा बदलले आहेत.

तपासणीनंतर

काही केंद्रे अहवाल थेट वकिलातीकडे पाठवतात, तर काही सीलबंद लिफाफा हातात देतात. असा लिफाफा उघडू नये. फाटला असल्यास चिकटपट्टी न लावता केंद्राकडून तो पुन्हा सील करून घ्यावा. निघण्यापूर्वी पासपोर्टवरील नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक कागदांवर बरोबर आहेत का, हे काउंटरवरच तपासावे, कारण बाहेर पडल्यावर चूक दुरुस्त करायला पुन्हा खेप पडते. एक्स-रेची सीडी दिली असेल तर ती प्रवासात हातातल्या बॅगेत ठेवावी. लसीकरणाच्या नोंदीची प्रतही मागून घ्यावी, कारण तिथे मुलांना शाळेत घालताना तीच नोंद पुन्हा दाखवावी लागते.