स्तनाच्या गाठीतील बीआरसीए१ मेथिलेशन तपासताना

बीआरसीए१ हे डीएनए-दुरुस्तीचे जनुक; त्यावर मेथिल गट चिकटले (मेथिलेशन) की ते बंद पडू शकते. पॅराफिन ब्लॉकमधल्या (मेणात जतन केलेल्या) गाठीपासून सुरुवात करायची असेल, तर आधी स्लाइड पाहून कर्कपेशींचा भाग आखून घ्या आणि तेवढाच खरवडा. लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आणि निरोगी ऊती मिसळल्या की मेथिलेशनचा संकेत पातळ होतो.

२०० ते ५०० नॅनोग्रॅम डीएनए बायसल्फाइट प्रक्रियेला घ्या. यात मेथिल नसलेला सायटोसिन (डीएनएच्या चार बेसपैकी एक) युरासिल होतो, मेथिल असलेला तसाच राहतो. बायसल्फाइट फक्त एकेरी धाग्यावर काम करते. म्हणून डीएनएचे दोन धागे नीट विलग झाले नाहीत किंवा नमुन्यात प्रथिने उरली, तर रूपांतर अर्धवट राहते आणि निरोगी नमुनाही ‘मेथिलेटेड’ दिसतो. खोट्या पॉझिटिव्हचे हे नेहमीचे कारण. शेवटची अल्कली पायरी (सल्फोनेट गट काढण्याची) किटमध्ये दिलेल्या वेळेपेक्षा लांबवू नका, डीएनए आणखी तुटतो.

रूपांतरानंतर डीएनए एकेरी असतो, त्यामुळे त्याचे प्रमाण मोजताना स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (प्रकाशशोषण मोजणारे यंत्र) एकेरी धाग्याच्या आरएनएची सेटिंग ठेवा.

मेथिलेशन-स्पेसिफिक पीसीआरचे (फक्त मेथिलेटेड किंवा फक्त मेथिलेशनविरहित डीएनएच्या प्रती वाढवणारी चाचणी) प्रायमर, म्हणजे प्रत सुरू करणारे छोटे डीएनए तुकडे, असे आखा की सीपीजी (सायटोसिनपुढे ग्वानिन असलेल्या, मेथिलेशन होणाऱ्या जागा) प्रायमरच्या ३′ टोकाजवळ, म्हणजे प्रत जिथून वाढते तिथे, येतील. दोन प्रायमरमधून वाढवायचा डीएनएचा पट्टा १५० बेसजोड्यांच्या आत ठेवा. ब्लॉकमधला डीएनए आधीच तुकडे झालेला असतो. हॉट-स्टार्ट टॅक (तापवल्यावरच काम सुरू करणारे प्रती काढणारे एन्झाइम) वापरा. साधे प्रूफरीडिंग (प्रतीतील चुका दुरुस्त करणारे) एन्झाइम युरासिलवर अडते.

प्रत्येक वेळी पूर्ण मेथिलेटेड, मेथिलेशनविरहित आणि डीएनएविना असे तीन कंट्रोल लावा. सीपीजी नसलेल्या प्रायमरांनी एक संदर्भ जनुकही चालवा. त्याचाच पट्टा आला नाही, तर ‘निगेटिव्ह’ लिहू नका, नमुना बाद धरा.